पिवळं कार्ड

शाळेत कवायत शिकवणारे मास्तर अठरा वर्षं फुटबॉलचे पंच होते. परवा चेंडू हिसकावताना झालेल्या एका आडदांड टॅकलला त्यांनी नुसतं ताकीद देणारं पिवळं कार्ड दाखवलं आणि समोरच्या खेळाडूचा पाय मोडल्याचं नंतर कळलं. आज ते फुटबॉल संघटनेच्या शिस्त समितीपुढे बसले होते.

“लाल दाखवून त्याला मैदानाबाहेर का नाही काढलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

मास्तरांनी मान्य केलं. “चुकलं माझं. पण साहेब, मागच्या आठवड्यात दुसऱ्या मैदानावर असाच टॅकल झाला. तिथे पाय वाचला, म्हणून तुम्ही कुणालाच बोलावलं नाहीत. शिक्षा टॅकलची, की मोडलेल्या पायाची?”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. टॅकल करणाऱ्या खेळाडूवर सहा सामन्यांची बंदी आली, दंडही झाला, आणि मास्तरांना मोसमभर घरी बसवलं. मागच्या आठवड्याचं चित्रीकरण मात्र समितीने मागवून घेतलं.