मेमरी काढून पाहिल्यावर

मी वाटाणे सोलायला बसले होते. निम्मे दाणे ताटात पडलेले, निम्म्या शेंगा अजून पिशवीत, आणि बाहेरच्या खोलीत भाऊजी बँकवाल्या काकांचा कॉम्प्युटर उघडून बसलेले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आधी बाजारात दुकान होतं. जाऊबाई गेल्या तसं त्यांनी ते आवरलं आणि आमच्याकडे राहायला आले. कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. शेवटी ह्यांनीच बाहेरच्या खोलीत टेबल मांडून दिलं, गिऱ्हाईकं इकडे येऊ लागली, तेव्हा कुठे माणूस उठून दाढी करायला लागला. देवापुढे हात जोडते तेव्हा त्यांच्यासाठी मी एकच मागते, हे काम त्यांच्या हातून सुटू देऊ नको.

लोक त्यांना डॉक्टर म्हणतात. मशीन आलं की आधी ते चालू करून, डोळे मिटून, कान देऊन बसायचं, ही त्यांची रीत. "वहिनी, ह्याचं दुखणं हाच सांगतो," असं म्हणत त्यांनी मलासुद्धा थोडं शिकवलंय. मेमरी नीट बसली नसेल तर आतला बारकासा स्पीकर तीन-तीनदा वाजतो. सगळी मेमरी काढून टाकली तर आतल्या मुख्य बोर्डाने बोंब मारलीच पाहिजे. नाही मारली, तर बोर्ड मेला समजायचं.

काकांचा कॉम्प्युटर फार हळू चालायचा, म्हणून त्यांनी जास्तीची मेमरी आणली होती. भाऊजींनी सकाळी ती बसवली, आणि पंखा फिरतोय पण पडदा काळा.

"डॉक्टर, चालताबोलता पेशंट आणला होता मी," काका म्हणाले.

"चालत कुठे होता? रांगत होता."

"आता तर झोपलाच की हो!"

"तुम्ही जा निवांत. उठवतो त्याला."

काका गेले. भाऊजींनी मेमरीची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या कडेवरून खोडरबर फिरवलं, पुन्हा बसवली, बटण दाबलं. मला आत स्वयंपाकघरात ऐकू आलं. बारीक, टोचणारं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. म्हटलं, चला, बोलला एकदाचा. मग त्यांनी नवी-जुनी अशा दोन्ही पट्ट्या काढल्या असाव्यात, कारण आता तो थांबेचना. कानात सुई घालावी तसा सलग ओरडत राहिला. मनात म्हटलं, बोर्ड जिवंत आहे, देव पावला.

तेवढ्यात भाऊजींचा मोठा आवाज आला. फोनवर होते. "काका, बातमी चांगली नाही. मेमरी काढून पाहिली तरी हूं नाही की चूं नाही. बोर्डच गेलाय. भंगारात द्या आता."

आणि त्यांच्या हाताशी तो कॉम्प्युटर केकाटत होता.

मी तशीच उठले. पदरातल्या शेंगा खाली पडल्या.

"भाऊजी, फोन ठेवा."

"काय झालं वहिनी?"

"तो ओरडतोय."

"कोण?"

"हा. केव्हाचा ओरडतोय."

आधी हसले. "सकाळी सकाळी चेष्टा करताय गरिबाची?" माझ्या तोंडावर काय दिसलं असेल कोण जाणे, त्यांचं हसू गेलं. खाली वाकून त्यांनी डावा कान त्या पत्र्याला लावला. मग उजवा. आजारी मुलाच्या छातीला लावावा तसा.

"आत्तापण?"

"आत्तापण."

बटण बंद केलं. माझ्याकडे पाहिलं. "आता?"

"थांबला."

चालू केलं. "आता?"

मी होकाराची मान हलवली.

मी आतून हाक मारली की भाऊजी यायचे नाहीत, आणि ह्यांनी मारली की लगेच हजर. 'भावाचं बरं ऐकू येतं, वहिनीचं नाही!' असं मी किती वेळा बोलले असेन, आणि घरभर हसले असेन. त्यांना जाड आवाज कळत होता, बारीक कळत नव्हता. आम्ही म्हणायचो, जाऊबाई गेल्यापासून भाऊजींचं लक्षच नसतं.

"तुम्ही सांगा, मी करतो," भाऊजी म्हणाले.

मग मी बोटांनी सांगत गेले आणि ते पट्ट्या बदलत गेले. जुनी एकटी बसवली, एकदाच वाजला आणि पडदा उजळला. जोडीला नवी घातली, तीनदा. नवी एकटी घातली, पुन्हा एकदाच, आणि सुरू. म्हणजे दोन्ही चांगल्या, फक्त एकमेकींशी जमत नव्हतं. एरवी म्हणाले असते, जावाजावा दिसतात. आज मात्र काकांना फोन करून, चूक माझीच होती, मशीन घेऊन जा, एवढं सांगितलं.

मला वाटलं, निभावलं. पण ते स्क्रू न लावताच बसून राहिले.

"वहिनी, टायपिंगवाल्या ताईंचा कॉम्प्युटर आला होता, तेव्हा तुम्ही घरात होता?"

नव्हते. मी माहेरी गेले होते. त्या ताई घरी बसून लोकांची कामं टाइप करून द्यायच्या, कारण आई अंथरुणाला खिळलेली.

"त्यांनाही मेमरीच वाढवून हवी होती. बसवली आणि बंद पडला. दोन्ही काढून पाहिल्या, आवाज नाही. मी म्हटलं, बोर्ड गेला. त्यांच्या फाइली तेवढ्या काढून दिल्या, बाकी भंगारवाल्याने नेलं." हातातला स्क्रू फिरवत म्हणाले, "आता त्या कपड्यांच्या दुकानात उभ्या असतात. दिवसभर म्हातारी एकटी, बाहेरून कुलूप." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोही वाजत असेल का हो?"

'नाही हो' असं अगदी ओठांवर आलं होतं. देवाने ते बोलू दिलं नाही.

"मला नाही माहीत, भाऊजी."

"आता ते कुणालाच नाही कळायचं."

दुपारी हे आले, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अरे, कानाला मशीन मिळतं हल्ली. पुढच्या आठवड्यात दाखवून येऊ. एवढं काय?"

"दाखवू," भाऊजी म्हणाले. टेबलावरची हत्यारं एकेक पुसून त्यांनी डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. एक गिऱ्हाईक दारातून डोकावलं, त्याला "आज नाही" म्हणून परत पाठवलं. मग चहासुद्धा न घेता म्हणाले, "संध्याकाळी त्या टायपिंगवाल्या ताईंकडे जाऊन येतो."

"त्यांना काय सांगणार तुम्ही?" मी विचारलं.

"मला ऐकू येत नाही, हे. तेव्हाही येत नसेल, हेही."

"त्या बोलतील तुम्हाला."

"बोलू देत. त्यांचा आवाज बारीक आहे, वहिनी. म्हणून तुम्ही बरोबर चला."

ताई दुकानातून सहाला सुटतात. त्या सुमारास भाऊजींना घेऊन मला त्यांच्या घरी जायचं आहे.