मागे वजन पाहिजे

मुलाने नवी मोटारसायकल घेतली आणि तिच्यात 'स्लिपर क्लच' आहे हे मला दोनदा ऐकवलं. बापाच्या डोक्यात शिरलं नसेल, असं त्याला वाटलं असावं. शिरलं होतं. इंजिन चाकाला ओढत असतं तेव्हा हा क्लच घट्ट धरतो. पण वेगात असताना खालचा गिअर टाकून क्लच पटकन सोडला की उलटं होतं. चाक इंजिनाला फिरवायला बघतं आणि इंजिन चाकाला मागे खेचतं. साध्या गाडीचं मागचं चाक अशा वेळी जाम होऊन उड्या मारतं. स्लिपर क्लचमध्ये तिरप्या खाचा असतात, त्यांच्यामुळे प्लेटा जराशा सैल होतात आणि चाक मोकळं फिरतं. तोटे मात्र मी विचारले तेव्हाच त्याच्या तोंडून निघाले. गाडी महाग पडते, घाट उतरताना इंजिनाचा आधार कमी मिळतो, धक्का मारून सुरू करणंही अवघड जातं. "पण आता धक्का मारतंय कोण? बटण आहे ना," तो म्हणाला.

धक्क्याचं मला कुणी सांगू नये.

ऐंशीच्या दशकात मी चाळीसगावला घरजावई होतो. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, एकच मुलगी आणि गुरांच्या सरकी-ढेपेचं एक दुकान. दोन्ही माझ्या गळ्यात पडली. लग्नात मोटारसायकलही मिळाली, जड, जुन्या पद्धतीची, पण मागच्या सीटवर कायम आबा. वसुलीला आबा, लग्नाला आबा, कन्नडच्या घाटात आबा. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. भांडायला जागाच ठेवत नसत. मला त्या घरात श्वास घेता येत नव्हता आणि तक्रार करावी असं काही सापडत नव्हतं.

अशात धुळ्याच्या एका तांत्रिक शाळेत मला नोकरी लागली. रुजू व्हायच्या दिवशी दुपारपर्यंत हजर झालो नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. बायको म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी आठवड्याने येते." आबा एवढंच म्हणाले, "कसाले जातस? आठे बठ्ठं शे ना." इथे सगळं आहे, हे मलाही दिसत होतं. त्या दिवशी सकाळची पॅसेंजर निघून गेलेली. टाकीवर पिशवी बांधली आणि किक मारत बसलो. बॅटरी साफ उतरलेली.

आबा अनवाणीच बाहेर आले आणि गाडीला मागून हात लावला. सासरा जावयाला धक्का मारतोय म्हणताना अख्खी गल्ली ओट्यावर आली. मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, पण इंजिनाने चाक जखडून धरलं आणि ते फुफाट्यात नुसतं फरफटलं. पुन्हा तेच झालं.

"मांगे वजन जोयजे," आबा धापा टाकत म्हणाले. खरंच होतं ते. तिसऱ्या खेपेला धोतर सावरत ते पळाले आणि मी क्लच सोडताना धपकन मागे बसले. चाकाने जमीन धरली. इंजिन धडधडलं.

आणि खांद्यावर ओळखीचा हात आला.

"उभी करू नका, बंद पडी जाई," ते म्हणाले. तेही खरंच होतं. बॅटरी मेलेली, गाडी थांबली की संपलं. त्यांना उतरवायचं तरी कसं? बाजार मागे पडला, धुळे रोडचा नाका आला.

"चाला धुयाले, मी बी येस," आबा कानाशी म्हणाले. "पायमा चप्पल नही, पन चाली जाई."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मी खाली पाहिलं. पायदानावर त्यांचे पाय धुळीने पांढरे झालेले, एका अंगठ्यातून रक्त येत होतं. मला संताप आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. थोडा वेळ मी तसाच धुळ्याच्या दिशेने गाडी हाकत राहिलो. मग रुंद जागा बघून वळसा घेतला.

दुकानासमोर आबा उतरले. बायको दारातच उभी होती. ती टाकीवरची पिशवी सोडायला लागली. मी गाडीवर बसूनच होतो, ॲक्सिलरेटर धरून, इंजिन बंद पडू नये म्हणून.

आबांनी पाठीवरून हात फिरवला.

"आते बंद करा," ते म्हणाले.