ऐकू न येणारी दोन टिंबं

काकांनी माझ्याकडे शेवटची जी गोष्ट मागितली, ती मी दिली नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

लहानपणी मी शाळेच्या नावानंच थरथरायचे. तिसरीपर्यंत काकांनीच मला बुधवारा मोहल्ल्यातल्या घरी शिकवलं. पुढे कॉम्प्युटरही त्यांनीच.

मग आम्ही दोघांनी मुलांसाठी एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा बनवली. लिस्प नावाच्या जुन्या भाषेच्या घराण्यातली. तिच्यात सगळं कंसातल्या यादीत लिहायचं.

अडलं एका ठिकाणी. एक यादी दुसऱ्या यादीत टाकायची, तर अख्खी टाकायची की खोलून, एकेक वस्तू सुटी?

काका म्हणाले, "केळीचा घड गाडीत अख्खा ठेवायचा की फण्या काढून, हे हमालाला सांगावं लागतं ना? तसंच मशीनला."

त्यासाठी मी चिन्ह निवडलं. खोलायच्या यादीआधी दोन टिंबं. सुटसुटीत. मला फार अभिमान होता. शाहपूरच्या एका क्लासमधली मुलं ही भाषा वापरायलाही लागली.

तोवर शुगरनं काकांची नजर जवळजवळ गेली होती. कॉम्प्युटर त्यांना प्रोग्राम वाचून दाखवायचा.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बेटा, तुझी टिंबं हा बोलतच नाही. अख्खी काय, खोलून काय, मला सेम ऐकू येतं."

"सेटिंगमध्ये चिन्हं बोलायला लावा ना."

"लावली. कंस, कंस, कंस. दिमाग खराब झाला. तू शब्द ठेव. ‘खोलून’. सगळ्यांना समजतो."

"काका, शाहपूरच्या क्लासचे सगळे जुने प्रोग्राम बंद पडतील."

"पडू दे की. दुरुस्त करतील."

"नंतर बघू."

"बघ बाई. डरपोक तर तू आहेसच," म्हणाले आणि हसले.

चौथ्या दिवशी सकाळी हार्ट अटॅक आला. काका गेले.

महिन्यापूर्वी हिंमत करून त्यांचा कॉम्प्युटर उघडला.

टिंबांच्या प्रत्येक जोडीच्या वर त्यांनी स्वतःसाठी एक ओळ लिहिली होती. "इथं खोलून." मशीननं निदान ती तरी वाचावी म्हणून.

एका प्रोग्राममध्ये टिंबं टाकायचीच राहून गेली होती. तो चालत नव्हता. खाली लिहिलेलं:

"दहा वेळा ऐकलं. माझंच काहीतरी चुकतंय. तिला विचारायचं नाही, घाबरेल."



त्यांना चूक ऐकू येईल अशी सोयच मी ठेवली नव्हती.

तेव्हापासून एकच भीती. अजून कोण कोण माझ्यामुळे स्वतःलाच चुकीचं समजत बसलं असेल?

आज सकाळी टिंबं काढली. ‘खोलून’ ठेवलं. नवी भाषा सगळ्यांना पाठवायचं बटण दाबायला तास लागला.

शाहपूरवाल्यांनो, उद्या तुमचे जुने प्रोग्राम बंद पडतील. चूक तुमची नाही, माझी आहे. फोन करा.

मला भीती वाटेल. पण उचलेन.

काका, उशीर केला मी. माफी मागते, आणि नमस्कार करते.