काकूंनी शिवलेली उशी

शिवणकाकू कापडाचा बोटभर तुकडाही टाकत नाहीत. समोरच्या घरात एकट्या राहतात. म्हणजे तीन मांजरांसह एकट्या. अख्ख्या गल्लीच्या कपड्यांच्या चिंध्या त्यांच्या मशीनखालच्या टोपलीत साठलेल्या, आणि त्या चिंध्यांवर ठिपकी झोपायची. मशीन सुरू झालं की तिचा डोळा लागायचा.

सोमवारी ठिपकी गेली. दोन दिवस उलट्या-जुलाब, मग सगळं शांत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या दोघांना, बोक्याला आणि धाकटीला, लस टोचली आणि बजावलं, "हा रोग घरात महिनोनमहिने टिकतो. नुसत्या साबणाने जात नाही. ब्लीचच्या पाण्याने पुसा. तिचं अंथरूण, भांडी, सगळं टाका. या दोघांना आतल्या खोलीत ठेवा. दोन आठवडे निभावले तर वाचली म्हणायची."

काकूंनी हात सोलवटेपर्यंत घर पुसलं. मीही रोज मदतीला जायचे. आत जाताना चपलांचे तळ ब्लीचने पुसायचे, बाहेर येताना हात धुवायचे. घरी आले की प्रार्थनेत एकच मागणं: देवा, या दोघांना राहू दे, त्या बाईला दुसरं कोण आहे?

गुरुवारी काकूंनी आतल्या खोलीत पांढऱ्याशुभ्र कापडाची नवी उशी टाकली. "अंथरूण गेलं, बिचारी फरशीवर झोपतात गं."

पण दोघं तिच्याजवळ फिरकेनात. भिंतीला चिकटून बसली. नजर उशीवर नाही, उशीच्या वीतभर वर.

"नवाबच की नाही! मऊ बिछाना टोचतो यांना," काकू म्हणाल्या. हसू मात्र ओठांवरच राहिलं.

शुक्रवारी सकाळी उशीच्या मधोमध खळगा होता. गोल, मांजराएवढा. काकूंनी थोपटून उशी सपाट केली. दुपारी मी गेले तर खळगा पुन्हा तिथेच. हात लावला. कोमट लागला. त्या खोलीत ऊन येत नाही.

"बोका बसला असेल," मी म्हटलं.

"तो काळा कुळकुळीत. दाखव बरं एक केस."

एकही नव्हता.

तेवढ्यात धाकटी पुढे सरकली. उशीवर पंजा ठेवणार, तोच कुणी दटावल्यासारखी कान पाडून मागे पळाली. देवाचं नाव घेत मी विचारलं, "काकू, आत भरलंय काय?"

"काय असणार? चिंध्या. मशीनखालच्या टोप..."

काकूंनी झटकन उशी उचलली. भांडी टाकली, अंथरूण टाकलं. टोपली मात्र त्यांच्या हिशेबी मांजराची नव्हतीच. ती कामाची वस्तू.

उशी आणि टोपली आम्ही परसात पत्र्याच्या डब्यात जाळली, खोली पुन्हा पुसून काढली. डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या, "अहो, तुम्ही रोगच शिवून दिलात की त्यांना! बसली का ती दोघं त्यावर?"

"नाही," काकू म्हणाल्या. "जागा रिकामी नव्हती."

आज पंधरावा दिवस. दोघं खणखणीत आहेत, दूध सांडून भांडताहेत. मला अशा गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही. दिसलं तेवढं वहीत लिहिते. दुपारी दोघं उशीच्याच जागी, उघड्या फरशीवर गाढ झोपली होती. एकमेकांना चिकटून नव्हे. मध्ये मांजराएवढी गोल जागा सोडून.

काकूंनी तिथे झाडू फिरवला नाही. मीही तिथून वळसा घालून आले.