मोरीचं तेल

बाबली तांडेल हा तुच्छतेच्या बाबतीत सढळ हाताचा माणूस. मालवणची माणसं त्याला शिष्ट वाटत, तारकर्लीची हावरट, आणि पर्यटकांना तर तो माणसांत धरतच नसे. पण आपला एकुलता एक मुलगा सुदेश मोटरसायकलच्या शर्यती मारून पोट भरतो, या गोष्टीसाठी त्याने जी तुच्छता राखून ठेवली होती ती वेगळीच. सकाळी जाळी सुकत टाकली की ती तो गणपतच्या चहाच्या दुकानात घेऊन जायचा आणि सगळ्यांना वाटायचा.

"गोल गोल फिरान परत थंयच येवचा," तो म्हणायचा. "आमी दर्यात जातंव, तर मासो तरी घेवन येतंव. ह्यो काय हाडता? धुरळो."

दुकान हसायचं. दुकान हसलं की बाबलीला चहा गोड लागायचा.

सुदेशने सुरुवात केली ती देवबागच्या टोकाला, जिथे खाडी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की तिथली ओली वाळू जमिनीसारखी घट्ट होते. मामाची जुनी गाडी, मडगार्ड काढून टाकलेलं, आणि वर हा काटकुळा पोरगा. आई यशोदा किनाऱ्यावर उभी राहून शिव्या घालायची आणि घरी आला की पेज वाढायची. पुढे सावंतवाडीला मातीच्या ट्रॅकवर तो एक शर्यत जिंकला, मग गोव्यात, मग कोल्हापुरात. पुण्याच्या एका टीमने त्याला उचललं. गाडी त्यांची, कपडे त्यांचे, हाडं तेवढी याची.

तेव्हा गावाने काय केलं, तर तिठ्यावर बॅनर लावला. बॅनरवर पुढाऱ्याचं तोंड टोपलीएवढं आणि खाली कोपऱ्यात हेल्मेट घातलेला कुणीतरी. तो सुदेशच आहे हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं, कारण फोटो मोबाइलवरून कुठूनतरी उचलला होता आणि गाडीचा रंगसुद्धा भलताच होता. सत्कार झाला. भाषण करणाऱ्याने त्याला सायकलपटू म्हटलं. कालपर्यंत 'वाळू नासवता मेलो' म्हणून बोटं मोडणारे पुढच्या रांगेत बसून टाळ्या पिटत होते. बाबलीही त्याच रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. घरी आल्यावर म्हणाला, "नारळ तरी बरो दिल्यानी," आणि त्या नारळाची सोलकढी करायला लावली. मुलगा जिंकला याबद्दल एक अक्षर नाही.

मग सुदेशचा गुडघा गेला. टीमच्या मालकाचा उत्साह त्याच्याही आधी गेला होता. सुदेश देवबागला परतला आणि पर्यटकांना वॉटर स्कूटरवर बसवून किंचाळवू लागला. बॅनर लावणारेच आता गिऱ्हाइकांसमोर त्याला 'रेसर, सावकाश रे' म्हणून खिदळायचे. असल्या माणसांकडून कौतुक करून घेण्यापेक्षा गुडघा मोडलेला बरा, असं त्याला वाटलं असेल तर नवल नाही. गुडघा बरा केला, दुसरी टीम शोधली, देशपातळीवरच्या एका शर्यतीत तिसरा आला. पुन्हा बॅनर, पुन्हा तेच टोपलीएवढं तोंड. पुढच्या मोसमात गळ्याचं हाड मोडलं आणि टीमने 'बघू' म्हणून त्याला घरी पाठवलं. 'बघू' म्हणजे काय ते त्याला कळत होतं. तिशी ओलांडलेल्या रेसरला कुणी बघत नाही.

तरी टीमच्या मॅनेजरचा एक फोन आला. मॅनेजर म्हणाला, "कोल्हापूरला चाचणी ठेवलीय. तुझी गाडी घेऊन ये आणि माझ्या तरण्या पोरांबरोबर पळव. पहिल्या तिघांत आलास तर यंदाचा मोसम तुझा. नाही आलास तर पुन्हा फोन करू नकोस."

सुदेशने साठवलेलं सगळं घालून एक वापरलेली रेसिंगची गाडी घेतली होती. ती घरामागच्या मांगराच्या खोपटात, बापाच्या जाळ्यांशेजारी उभी असायची. ओहोटी साधून तो रोज टोकाला जायचा आणि परत आल्यावर गाडी धुऊन कोरडी करायचा.

निघायच्या दिवशी सकाळी सुदेश आणि यशोदा देवळात नारळ ठेवायला गेली. बाबली मांगरात एकटाच. त्याने गाडीकडे पाहिलं आणि त्याला राहवेना. देवबागेत जे जे लोखंड आहे त्याला तेल लागतं. कुलूप, बिजागरी, कोयती, होडीचं इंजिन, काहीही कोरडं ठेवलं की खारा वारा ते खाऊन टाकतो. आणि या गाडीच्या दोन्ही चाकांतल्या त्या चकचकीत चकत्या तर ठणठणीत कोरड्या होत्या. बाबलीने डबा काढला. मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल, होडीच्या लाकडाला चोपडतात ते. फडकं भिजवून त्याने साखळी पुसली, आरे पुसले, आणि त्या चकत्या तर दोन्ही अंगांनी अगदी मायेने पुसल्या.

माया होतीच, नाही कशाला म्हणायचं? पण तीही त्याने चोरून केली. सुदेशला विचारलं असतं तर 'बाबा, तो ब्रेक आसा, थंय तेल लावचा नाय,' एवढंच त्याने सांगितलं असतं. पण ज्या कामाला जन्मभर नाक मुरडलं त्याबद्दल तोंड उघडून विचारायचं कसं? गणपतच्या दुकानात काय पत राहिली असती?

मासळीच्या टेम्पोतून गाडी निघाली. बाबली 'कोल्हापूर बगान येतंय' म्हणून पुढे बसला. घाटात एक ट्रक आडवा झाला होता, त्यात दोन तास गेले. पोहोचले तेव्हा बाकीचे रेसर रांगेत उभे होते. मॅनेजरने टेम्पोच्या वासाने नाकाला रुमाल लावला आणि घाई कर म्हणून हात हलवला. गाडी फिरवून बघायला वेळच नव्हता. सुदेशने ती ढकलत नेऊन रांगेत लावली.

झेंडा पडला आणि सुदेश सगळ्यांच्या पुढे निघाला. बाबलीने आयुष्यात पहिल्यांदा त्याला शर्यतीत पळताना पाहिलं, आणि त्याचा ऊर भरून आला. नको म्हणत असतानाही आला. पहिलं वळण आलं. बाकीच्या गाड्या ब्रेक लागून दबल्या, वळल्या. सुदेशची गाडी दबलीच नाही, सरळ गेली आणि रचलेल्या टायरांवर आदळली.

बाबली धापा टाकत पोहोचला तेव्हा सुदेश मातीत बसला होता. तेच हाड, पुन्हा. धड हाताचं एक बोट त्याने चाकातल्या चकतीवरून फिरवलं, नाकाशी नेलं, आणि मान वर करून बापाकडे पाहिलं. तो वास दोघांच्याही जन्मापासूनचा होता.

"ब्रेक का नाही मारलास?" मॅनेजरने विचारलं.

"उशीर झाला, सर," सुदेश म्हणाला. "माझीच चूक."

"घाबरलायस तू. आता पुरे कर." मॅनेजर गेला. आणि गणपतच्या दुकानात कधी न मिटणारं बाबलीचं तोंड तिथे घट्ट मिटलेलं राहिलं.

गावाला बातमी पोहोचायला काय लागतं? काही दिवसांनी सुदेश हात गळ्यात बांधून दुकानात चहा घेत होता. बाबली आला तसा गणपत म्हणाला, "काय रे बाबली, झिलान ब्रेकच मारूक नाय म्हणे? वाळयेत पळवन रेसर जाता काय कोण?"

सगळे बाबलीच्या टोल्याची वाट बघू लागले. धुरळ्याचं वाक्य त्यांना पाठ होतं.

"तेल मी लायलंय," बाबली म्हणाला. "ब्रेकाक. मोरीचा. तेची कायएक चूक नाय."

मग गणपत मान हलवून हसला, पण आज खवचट नाही. "झिलाची चूक आपल्या अंगार घेतस मा? रे, ब्रेकाक तेल कोण लायत? येवढो येडो तू नाय."

"असो बापूस गावूक नशीब लागता," कोपऱ्यातून कुणी म्हणालं. एकाने बाबलीच्या पाठीवर हात ठेवला.

बाबली कासावीस झाला. खरं काय ते सांगू शकणारा तिथे एकच होता. "सुदेशा, सांग मरे ह्येंका."

सुदेशने कप खाली ठेवला. "कित्याक, बाबा? माझो मान गेलो तो गेलो. तुमचो तरी ऱ्हवांदे." आणि तो उठून वॉटर स्कूटरकडे चालू लागला.

दुकानाला हेही फार आवडलं. बापाला शोभेसा मुलगा आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. तेव्हापासून बाबली आला की लोक सरकून त्याला बाकावर जागा देतात, आणि तो बसतो.