रिकाम्या पिंपातला उंचवटा

त्यांना सगळे पोकळीमामा म्हणायचे. नाव आमच्या वर्कशॉपने ठेवलेलं. मी तिथला टर्नर, म्हणजे पापात माझाही वाटा आहे. सव्वीस वर्षं मामांचं काम एकच: प्रयोगशाळेतल्या पोलादी पिंपातली हवा काढून टाकणं. मग आत रेणूंची बारीक धार सोडायची आणि तिच्यावर लेसरचा असा झोत मारायचा की रेणूतले इलेक्ट्रॉन उपटलेच जावेत. उरलेले तुकडे सगळे धन भाराचे, एकमेकांना ढकलत सुसाट सुटतात. ते टिपले की रेणू कसा तुटला ते कळतं.

मामांना मूलबाळ नव्हतं. तिथे पीएच.डी. करणाऱ्या पोरीवर त्यांचा भारी जीव. पाच वर्षं ती एकाच गोष्टीमागे होती: तिच्या रेणूत लांब लांब बसलेले तीन हायड्रोजन तुटताना एकत्र येऊन एकच तुकडा बनून निघत होते. पडद्यावरच्या आलेखात त्या तुकड्याचा उंचवटा दिसला की मामा मला ओढत दाखवायला न्यायचे, नातवंडाला पहिला दात आल्यासारखे.

मंगळवारी नमुन्याची तोटी उघडायचीच राहिली. रेणू आत गेलेच नव्हते, तरी उंचवटा जागच्या जागी. पोरगी जेवायला गेली होती. मामा माझ्याकडे आले, चेहरा पांढराफटक.

"झाकणाची रबरी रिंग तू कशाने पुसतोस रे?"

"कोरड्या फडक्याने. का?"

"मी स्पिरिटने."

रबर स्पिरिट पितं आणि मग कितीतरी दिवस आत सोडत बसतं. स्पिरिटच्या रेणूत तीन हायड्रोजन शेजारी शेजारीच असतात, म्हणजे तोच तुकडा त्यातूनही निघणार. रिकामं पिंप पोरगी तपासायची, पण झाकण उघडायच्या आधी, मागचं स्पिरिट उडून गेल्यावर. नमुना बदलायला झाकण उघडलं की मामा रिंग पुसायचे आणि मग मोजणी.

"गप्प बसा मामा," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात तिचा प्रबंध जातोय." आज त्याची लाज वाटते.

मामा गप्प बसले नाहीत. ती आल्याबरोबर त्यांनी सगळं सांगितलं. तिने स्वतःच्या हाताने तोटी आवळली, लेसर सुरू केला. उंचवटा उभा राहिला.

"मामा, दर वेळी पुसायचात?"

"दर वेळी," मामा म्हणाले. "तुझं काम म्हणून दोनदा."