वहिनींच्या काचेमागचा रंग

ही एकच गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बाकी सगळं सांगून झालंय. पौड रोडला लाल दिव्यापाशी उभा असलेला बिबट्या सांगितलाय — पुण्यात सिग्नलला थांबलेला तो एकटाच, हेही वर. खडकीच्या कारखान्यात होतो तेव्हा मी शिंकलो आणि दारूगोळ्याचं अख्खं खातं जमिनीवर पालथं झोपलं, ते सांगितलंय. ताम्हिणीत एका मोराने मला रस्ता विचारला, हे तर मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं, भर पंगतीत. लोक हसतात, चहा मागवतात, मी पुढे चालू. ही गोष्ट तोंडाशी आली की मात्र मी चटकन बिबट्याकडे वळतो. आज वळायचं नाही असं ठरवलंय. बघू जमतं का.

मी काचेवर चित्रं काढतो. म्हणजे काचेच्या मागच्या अंगाने. बघणारा पुढून बघतो, आपण मागून रंगवायचं. त्यामुळे सगळं उलटं. कागदावर आधी आभाळ, मग पक्षी, मग त्याचा डोळा. इथे डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात आधी, मग डोळा, मग पक्षी — आणि आभाळ शेवटी. बारीक काम आधी करून घ्यायचं आणि मधे मधे काच कोरी सोडायची. त्या कोऱ्या जागांतून शेवटचा रंग, मागचा रंग, पुढे दिसतो. सगळं चित्र त्याच्यावर उभं असतं किंवा पडतं. आणि तो एकदा वाळला की संपलं. खरवडायला गेलात तर खालचं कामही निघून येतं.

हे मला शिकवलं आमच्या वहिनींनी. माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने. त्यांच्या माहेरी काचेवर देव रंगवायचे. वहिनींनी देव सोडले आणि झाडं धरली. पण झाडं कसली? फांद्यांवर मासे घरटी बांधताहेत, मुळांना पंख फुटलेत, पानाच्या टोकावर मुंगीएवढा हत्ती अंग चोरून बसलाय. दादा गेल्यावर नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांच्या काचा. मी निवृत्त झालो, घरात सगळ्यांना नकोसा झालो, तेव्हा त्यांनीच बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, तोंड चालतंच तुमचं. आता जरा हातही चालू द्या."

दिवाळीच्या आधी कोथरूडला एका हॉलमध्ये आम्ही दोघं चित्रं मांडायचो. एका टेबलावर माझे मोर, शेजारी वहिनींची झाडं. प्रत्येक मोरामागे माझी एक गोष्ट. एकदा एक गृहस्थ ती पूर्ण ऐकून म्हणाले, "अहो, तुमच्या बोलण्यात चित्र बघायचं राहूनच गेलं. बरंच झालं म्हणा." आणि वहिनींच्या झाडापुढे हात मागे बांधून उभे राहिले. किती वेळ! एक शब्द न बोलता. मीही हसलो. हसलोच की. दुसरं काय करतात?

असं दर वर्षी व्हायचं. माझ्या टेबलाशी हशा आणि वहिनींच्या टेबलाशी शांतता. मला ती शांतता हवी होती. तुम्हाला कधी असं काही हवं झालंय — जे आपल्याला पेलणारही नाही?

मग वहिनींना काचबिंदू झाला. उशिरा कळलं. नजर कडेकडून मिटत आली. मधे एक भोक उरलं होतं, तेवढ्यातून बघून त्यांनी एक मोठी काच करायला घेतली. आजवरचं सगळ्यात मोठं झाड. गर्द निळ्या, गर्द हिरव्या, करड्या रेषा, केसाएवढ्या बारीक. मासे, पंख, हत्ती, सगळे त्यात. बारीक काम संपलं आणि ते भोकही मिटलं. उजेड आणि अंधार, तेवढं कळायचं. मागचा रंग राहिला होता.

तो त्यांनी मला लावायला सांगितला. "हळदी रंग लावा. पण फिका हं, भाऊजी. दुधात हळद घालतो ना, तसा. माझ्या रेषा काळपट आहेत, मागे उजेड पाहिजे."

मी काच स्कूटरवरून घरी आणली, चादरीत गुंडाळून, मुलीला मागे बसवून, तिच्या मांडीवर. गॅलरीत ठेवली. वाटीत हळदी कालवला. त्या म्हणाल्या तसाच, अगदी तसाच जमला. मग काच उचलून उजेडासमोर धरली.

इथे मी थांबतो जरा.

मी आयुष्यभर फुगवून बोललोय, त्यामुळे आता काय लिहू? एवढंच लिहितो की चांगलं होतं. मी तसं कधी काढणार नाही, हे मला उभ्या उभ्या कळलं. राग आला का? नाही आठवत. मी वाटी बाजूला ठेवली, गर्द निळ्याचा डबा उघडला आणि रुंद ब्रशने सगळी काच भरून टाकली. निळ्यामागे निळा. उलटून पाहिलं तर झाड नव्हतं. मासे नव्हते. रात्री दिवे गेलेली गल्ली दिसते तसं काहीतरी होतं.

डबा चुकला असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. नाही चुकला. आणि ऐका — रंग ओला असेतो कापसाने हलक्या हाताने पुसता येतो. वहिनींच्या रेषा कधीच्याच वाळलेल्या होत्या, त्यांना काही झालं नसतं. मला ते माहीत होतं, त्यांनीच शिकवलेलं. कापूस घरात होता. मी आत जाऊन चहा घेतला, पेपर वाचला आणि रंग वाळू दिला.

वाटीतला हळदीही वाया घालवला नाही. माझ्या एका मोरामागे लावला. तो मोर त्या वर्षी लोकांना आवडला.

हॉलमध्ये वहिनींच्या शेजारी राहणाऱ्या कुसुमताई आल्या. त्या बाईंना आडपडदा नाही. "शैला, काही दिसतच नाहीये गं. सगळं काळंनिळं झालंय." वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"भाऊजी, हळदी लावलात ना?"

"लावला की."

"मग जागाच नव्हती का उरली? मी भरूनच टाकली का काच?"

निळा लावला तो एका दुपारचा प्रकार. पण हा प्रश्न त्यांनी मला सरळ विचारला होता. भरल्या हॉलमध्ये, हळू आवाजात. आणि मी म्हणालो, "हो, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे नजर आधीच गेली होती. मला कळलं नाही." आणि मग — "तुम्ही मन राखलंत माझं. बोलला नाहीत."

हे त्या मला म्हणाल्या.

त्यानंतर काच हातात घेतली नाही त्यांनी. तसंही दिसत नव्हतंच, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो असतो. पण शेवटचं चांगलं झालं, एवढं तरी बाईला बरोबर नेता आलं असतं. ते चित्र त्यांनी कपाटामागे ठेवून दिलं. आल्यागेल्याला मात्र सांगतात, माझ्या भाऊजींनी फार केलं माझं.

मला काय होतं? खरं सांगू, काही होत नाही. जेवण जातं. झोप लागते. बोट फार वेळ बर्फावर ठेवलं की ते आपलं वाटत नाही, तसं काहीसं असेल. नक्की सांगता येत नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. पोहे केले होते, चाचपून चाचपून. मी बिबट्याची गोष्ट पुन्हा सांगितली, त्या पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? बाकी जाऊ दे. फांदीवरचे मासे तरी नीट आले होते का हो? तुम्ही मागचा रंग लावायच्या आधी पाहिलं असेल ना, उजेडात धरून?"

ते चित्र उजेडात पाहिलेला माणूस मी एकटा. नीट आले होते म्हणालो असतो, तर मग दिसले का नाहीत, हे आलंच.

"मासे पण जरा फिसकटलेच होते, वहिनी."

"हो का," त्या म्हणाल्या आणि पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

मी पोहे खाल्ले. मासे नीट होते. एकेक खवला नीट होता.